इदालिनाने सांगितलेली मोहरीची गोष्ट

इदालिनाच्या तोंडाला लागू नये, हे ब्राझीलमधल्या रेजिस्त्रो गावच्या बाजारात शेंबड्या पोरांनाही ठाऊक होतं. तेव्हा ती केळी विकायची. एकदा एका गिऱ्हाइकानं केळी दाबून दाबून पाहिली आणि न घेताच निघाला, तर हिनं अख्खा घड उचलून त्याच्या डोक्यावर आपटला होता. बाजार पोट धरून हसला. शेजारच्या गाड्यावर पास्तेल तळणारी दोना फुमिए, म्हणजे फुमिएबाई, मात्र हसली नाही. हातातला झारा निथळत ठेवून ती नुसती पाहत राहिली.

फुमिए मुराओका विधवा होती. नवऱ्याबरोबर तरुणपणी जपानहून बोटीनं इकडे आलेली. आधी चहाच्या मळ्यात राबली, मग तो गेल्यावर हा गाडा टाकला. पिठाची पातळ पारी, आत खिमा किंवा चीज, कडकडीत तेलात तळलेलं पास्तेल आणि बरोबर उसाचा गार रस. रांग हटायची नाही. बाजार उठल्यावर ती इदालिनाजवळ आली.

"मला तुझ्यासारखी बाई हवी हाताखाली."

"माझ्यासारखी म्हणजे कशी? भांडखोर?"

"भरभर हात चालणारी. भांडणाचं नंतर बघू."

इदालिना कामाला गेली. आणि महिनाभरात तिथंही पेटली. एका ट्रक ड्रायव्हरनं अर्धं पास्तेल खाऊन उरलेलं फळीवर फेकलं. "आत नुसती हवा! या जपान्यांनी लोकांना हवा विकून बंगले बांधले!" इदालिनाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिनं झारा उगारलाच होता, पण फुमिएनं तिचं मनगट धरलं, त्या माणसाला वाकून नमस्कार केला आणि दुसरं पास्तेल कागदात गुंडाळून दिलं. तो पुटपुटत निघून गेला.

"लाज नाही वाटत तुम्हाला?" इदालिना उसळली. "त्यानं शिवी दिली आणि वर तुम्ही त्याला खाऊ घातलंत!"

"तो शिवी घेऊन आला होता," फुमिए तिच्या मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाली. "मी घेतली नाही. मग कोणाकडे राहिली?"

इदालिनानं विचार केला. "त्याच्याकडेच."

"हां. आता घरी नेईल. बायकोला देईल बिचारीला." फुमिएनं पुढची पारी तेलात सोडली. "हे माझं डोकं नाही हो. बुद्धाचं. त्याला पण एकदा एकजण असाच भेटला होता."

इदालिनाला ही युक्ती इतकी आवडली, की त्याच संध्याकाळी तिनं ती नवऱ्यावर वापरून पाहिली. अर्लिंदो चहाच्या कारखान्यातून दमून आला, घेवड्यात मीठ कमी आहे म्हणून ओरडायला लागला. इदालिना शांतपणे म्हणाली, "मी घेत नाही."

"काय घेत नाहीस?"

"तू जे देतोयस ते."

अर्लिंदो इतका गोंधळला, की तसाच अळणी घेवडा निमूटपणे खाऊन उठला. लहानगी मार्लुसी एकदा बापाकडे, एकदा आईकडे टकामका बघत राहिली. त्या घरात जेवण शांततेत पार पडल्याचं तिनं प्रथमच पाहिलं होतं.

तिथून सुरुवात झाली. जपानी लोकांचं देऊळ म्हणजे चहाचं एक जुनं गोदाम होतं, आत एक सोनेरी मूर्ती आणि चटया. सणावाराला फुमिए तिला तिथल्या स्वयंपाकघरात मदतीला न्यायची. बाहेर प्रवचन चालायचं, ते जपानीत. इदालिना मुळे सोलता सोलता विचारायची, "काय म्हणाले?" आणि बाहेर ऐकून आलेली फुमिए भात परतता परतता दोन वाक्यांत सांगायची. बाकीचं भांडी घासताना, त्यातूनही उरलेलं बाजारात, दोन गिऱ्हाइकांच्या मधे. इदालिनाचा सगळा बुद्ध असा तुकड्यातुकड्यांनी आला. जेवणाआधी हात जोडून क्षणभर थांबायला ती शिकली. राग आला की आधी श्वास पूर्ण सोडायचा, मग तोंड उघडायचं, हे शिकली. सगळं बदलतं, धरून ठेवलं की हात भाजतात, हेही शिकली. हे शेवटचं तिला सगळ्यांत सोपं वाटलं.

धर्म मात्र तिनं सोडला नाही. घरातल्या फळीवर अपारेसिदाची सावळी देवी, म्हणजे मेरीमाता, होती तिथंच राहिली, चर्चमधली रविवारची मिस्सा चुकली नाही. शेजारीण क्लेउसा टोमणे मारायची. "काय गं, डोळे बारीक व्हायला लागले का तुझे? उद्या कच्चा मासा वाढशील आम्हाला!" इदालिना हसून सोडून द्यायची. पूर्वीची असती तर क्लेउसाच्या दोरीवरचे कपडे चिखलात गेले असते.

पण मनात थोडी धाकधूक होतीच, म्हणून तिनं चर्चमध्ये कबुलीजबाबाच्या वेळी स्वतःहून विषय काढला.

"त्या मूर्तीला नमस्कार करतेस का?" जाळीपलीकडून पाद्र्यांनी विचारलं.

"वाकते, फादर. समोर बसलेली असते, तिच्याकडे पाठ कशी करणार?"

"काही मागतेस तिच्याकडे?"

"छे! मागायचं ते देवीकडेच. तिथून फक्त राग कसा आवरायचा, तेवढं घेऊन येते."

पलीकडे खोकल्याचा आवाज झाला, त्यात हसू होतं की काय कळलं नाही. "बरं. तेवढंच घेऊन ये."

एका वर्षी साओ पाउलोहून मोठे भिक्षू आले. ज्यांना रीतसर बुद्धाचं व्हायचं असेल त्यांना ते नवं नाव देणार होते. फुमिएनं विचारलं, "येतेस?" इदालिना भांड्यात हात घालून उभी होती. म्हणाली, "आईनं मला जन्मतःच देवीच्या पायावर घातलंय, दोना फुमिए. तिचा शब्द मी कसा मोडू?" फुमिएनं मान हलवली. "मग नको. तू ये मात्र." एवढंच. पुन्हा तिनं कधी विचारलं नाही. इदालिनाला हायसं वाटलं. देऊळ तिचं स्वयंपाकघरापर्यंतच राहिलं.

वर्षं गेली. अर्लिंदो छातीच्या दुखण्यानं गेला. तेव्हा इदालिनानं सगळं इतक्या शांतपणे पार पाडलं, की लोक तिच्याकडे आदरानं बघायला लागले. कोणाची भाऊबंदकी, कोणाची सून रुसलेली, लोक पास्तेल खायला म्हणून यायचे आणि सल्ला घेऊन जायचे. इदालिना प्रत्येकाला एक गोष्ट सांगायची. क्लेउसासुद्धा आता "आमची इदालिना" म्हणायची. खरं सांगायचं तर इदालिनाला ते गोड लागत होतं. भांडखोर म्हणून ओळखल्या गेलेल्या बाईला शहाणी म्हणवून घेण्याची चटक लागली होती.

फक्त मार्लुसीला ते रुचत नसे. मोठी होत होती तसतशी ती म्हणायची, "आई, एकदा तरी ओरड ना माझ्यावर! भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं." इदालिना हसायची. पोरीला कळेल पुढं, असं तिला वाटायचं.

मार्लुसीचं लग्न वाल्दिर नावाच्या सालस मेकॅनिकशी झालं. गावातच, नदीच्या अलीकडे घर केलं. वर्षभरानं जोनास झाला. इदालिना रोज संध्याकाळी जायची. तेलाचा वास येतो म्हणून आधी कोपरापर्यंत हात धुवायची आणि मग बाळाला घ्यायची. जोनास तिच्या कानातले डूल ओढायचा, पायावर उभं राहून धडपडायचा. तो चालायला लागला, त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याला ताप भरला. सकाळी अंग कोमट होतं, दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं संपलं.

इदालिना पोचली तेव्हा घर बायकांनी भरलं होतं. पांढऱ्या कापडानं मढवलेली लहानशी शवपेटी टेबलावर तयार होती, रिकामी. मार्लुसीनं बाळाला छातीशी घट्ट धरलं होतं. वाल्दिर भिंतीला टेकून उभा होता. पाद्री येऊन बसले होते. बायका एकेक करून समजावत होत्या. क्लेउसा म्हणत होती, "रडू नकोस गं माझे राणी, आईच्या अश्रूंनी देवदूताचे पंख भिजतात, उडता येत नाही त्याला." मार्लुसी ऐकत नव्हती, पण तिनं क्लेउसाचा हात झटकलाही नव्हता.

सगळ्यांनी इदालिनाकडे पाहिलं. आता ही बोलेल, हिच्याकडे काहीतरी असेल.

त्या क्षणी इदालिनाला काय आठवलं असेल? तिला तिचा पहिला मुलगा आठवला. मार्लुसीच्या आधीचा. ओतावियो. मोजके दिवस जगला आणि गेला. त्याच्या बापानं बुटाच्या खोक्यातून नेऊन पुरला आणि पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही, असं दोघांचं न बोलता ठरलं. मार्लुसीला तो होता हेही ठाऊक नव्हतं. ते सगळं उसळून वर आलं. तिला वाटलं, आता तोंड उघडलं तर मी इथंच जमिनीवर लोळेन, मग पोरीला कोण सावरणार? तिनं श्वास पूर्ण सोडला. आलेलं सगळं खाली ढकललं. मग मुलीच्या शेजारी बसली आणि शिकल्याप्रमाणे शांत आवाजात गोष्ट सांगू लागली.

"एक बाई होती, मार्लुसी. तिचं एकुलतं एक बाळ गेलं. ती त्याला कडेवर घेऊन बुद्धाकडे गेली, म्हणाली, याला औषध दे. तो म्हणाला, देतो, पण ज्या घरात कधी कोणी मेलं नाही, अशा घरातून मूठभर मोहरी आण..."

पाद्र्यांनी मान खाली घातली. इदालिना शेवटपर्यंत सांगत गेली. दारोदार मोहरी होती, पण असं घर एकही नव्हतं. मग त्या बाईला कळलं आणि तिनं बाळाला ठेवून दिलं.

मार्लुसी हळूच म्हणाली, "म्हणजे मी याला ठेवून देऊ."

"बाळा, सगळं जातं. धरून..."

"इतर लोकांची माणसं मरतात, म्हणून माझा जोनास मेला तर चालेल?" मार्लुसीचा आवाज चढला. "तुझा नातू होता ना तो? तुझे कान ओढायचा ना? रडली नाहीस तू! ही क्लेउसामावशी परकी बाई, तिचा रुमाल भिजलाय आणि तू मला गोष्ट सांगतेस? तू त्यांची तरी नीट हो ना! धड तिकडची झाली नाहीस, आणि इकडची म्हणून साधी जपमाळ हातात घेऊन बसली नाहीस माझ्या लेकरासाठी!"

इदालिनानं हात पुढं केला. मार्लुसी मागं सरकली. "नको. जा तू. बाबा गेले तेव्हाही अशीच होतीस. जा."

शेवटी बाळाला तिच्या हातून क्लेउसानं घेतलं. रडत, त्याचे गाल कुरवाळत, त्याच्याशी बोलत बोलत. इदालिना दाराबाहेर उभी होती.

पुढं मार्लुसी आईशी बोलली नाही. वाल्दिरला पारानाग्वाच्या बंदरात काम मिळालं आणि दोघं गाव सोडून गेली. इदालिनाला ते बाजारात कळलं, मिरच्या विकणाऱ्याकडून.

फुमिएला तिनं फक्त "पोरगी दुःखात आहे, कळेल तिला" एवढं सांगितलं होतं. फुमिएनंही खोदून विचारलं नाही. पण एका सकाळी, बाजार भरायच्या आधी पारी लाटताना, इदालिना आपण होऊन म्हणाली, "मी तिला मोहरीची गोष्ट सांगितली होती. तरी तिला उमजलं नाही."

फुमिएचं लाटणं थांबलं. "कधी सांगितलीस?"

"त्याच दिवशी. बाळ हातात होतं तिच्या."

फुमिएनं शेगडी बंद केली. गाडा लावल्यापासून कामाच्या मधेच तिनं शेगडी बंद केल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. स्टुलावर बसली. ती आता खूप म्हातारी झाली होती, बसायलाही तिला वेळ लागायचा.

"इदालिना, बुद्धानं त्या बाईला गोष्ट सांगितली का?"

"म्हणजे?"

"त्यानं तिला काहीच सांगितलं नाही. बाळ ठेव म्हणाला नाही. सगळं जातं म्हणाला नाही. मोहरी आण म्हणाला, बस. ती बाळ घेऊन फिरली. एकेका दारात बाया बाहेर आल्या. माझा मुलगा गेला, माझी आई गेली, असं म्हणाल्या. तिच्याबरोबर रडल्या असतील. हो ना? तेव्हा कुठं तिला कळलं. तू तिला चालायलाच दिलं नाहीस."

इदालिना हातांचं पीठ पुसू लागली.

"तू पण एक दार होतीस," फुमिए म्हणाली. "तुझ्या घरात कोणी गेलं होतं?"

आणि इदालिनानं ओतावियोचं नाव घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मोठ्यानं, बाजारात. नाव घेतलं आणि तिचा बांध फुटला. फळीवर डोकं टेकून ती रडत राहिली. शेजारचा मिरचीवाला घाबरून धावत आला, फुमिएनं त्याला हातानंच परत पाठवलं.

"मला वाटलं, रडायचं नसतं," इदालिना हुंदके देत म्हणाली. "तुमच्यात रडायचं नसतं असं..."

"कोण म्हणालं?" फुमिएचेही डोळे वाहत होते. "मी माझ्या मुलीसाठी अजून रडते. बोटीवर गेली ती, समुद्रात सोडली. प्रवचनाला मी पुढं बसून रडते. तू आत भांडी घासत असायचीस, तुला दिसणार कुठून?" मग म्हणाली, "चूक माझी पण आहे. असली गोष्ट तळण करता करता सांगायची नसते. अर्धी सांगितली असेन. मग एक गिऱ्हाईक आलं असेल."

इदालिना पारानाग्वाला गेली. बसमध्ये तिनं काय काय बोलायचं ते जुळवलं होतं. मार्लुसीनं दार उघडलं, आईला आत घेतलं, कॉफी आणि मक्याचा केक पुढं ठेवला, पाहुण्याला ठेवतात तसा. म्हणाली, "आई, काही सांगणार असशील तर नको."

"गोष्ट नाही सांगत. तुला एक भाऊ होता, तेवढंच सांगायला आलेय."

मार्लुसीनं हातातला कप खाली ठेवला. इदालिनानं सगळं सांगितलं. बुटाचं खोकं, अर्लिंदोचं गप्प होणं, आपलं गप्प होणं. सांगताना ती रडली आणि या वेळी तिनं तोंड पुसलं नाही.

मार्लुसीनं नाव विचारलं. "ओतावियो," इदालिना म्हणाली. मार्लुसीनंही ते एकदा उच्चारून पाहिलं. मग म्हणाली, "मी इथं लाँड्रीत काम करते, आई. माझ्या शेजारी एक बाई इस्त्री करते, तिचा मुलगा बंदरात बुडाला. दुसरीची मुलगी जन्मतःच गेली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, तू का रडतेस? मी सांगितलं. त्यांनी त्यांचं सांगितलं. बस, तेवढंच. त्या दोघी नसत्या, तर मी बंदरावरून उडी मारली असती. त्या परक्या बायकांनी पहिल्या दिवशी सांगितलं ते, आणि तू आत्ता सांगतेस. तुझ्याकडे होतं आई, अन् तू मला दुसऱ्याच कुठल्या बाईचं सांगितलंस."

मार्लुसी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. दोघींनी मिळून भांडी घासली. रात्री राहा, असं मार्लुसी म्हणाली, आणि इदालिना राहिली. सकाळी वाल्दिरनं तिला बसवर सोडलं. मार्लुसी दारात उभी राहून हात हलवत होती. आलिंगन तिनं दिलं होतं, पण आपल्या लेकीचे हात आपल्या पाठीवर कसे पडतात हे आईला कळतं.

फुमिए त्यानंतर फार जगली नाही. तिच्या अंत्यविधीला साओ पाउलोहून भिक्षू आले. या वेळी इदालिना स्वयंपाकघरात गेली नाही. इतरांबरोबर चटईवर पुढं बसली आणि खिशातली जपमाळ हातात घेऊन मनसोक्त रडली. नंतर भिक्षूंनी विचारलं, नाव घ्यायची इच्छा आहे का? इदालिना म्हणाली, "नाव आहे मला. जे शिकले तेच अजून नीट आलेलं नाही."

गाडा आता तिचाच आहे. लोक अजून सल्ला मागायला येतात, पण गोष्टी तिनं सोडल्या. कोणाच्या घरी मूल गेलं, तर ती जाते, कोपऱ्यात बसते, विचारलं तर ओतावियोचं सांगते, नाहीतर काहीच सांगत नाही. क्लेउसा म्हणते, "पूर्वी किती छान बोलायचीस गं!" इदालिना पुढचं पास्तेल तेलात सोडते.

मार्लुसीला पुढं मुलगी झाली, रोजानी. नाताळला फोन येतो. गेल्या वर्षी पहिल्यांदा मार्लुसी तिला घेऊन गावी आली. रोजानी गोड पोर आहे, चटपटीत, आईसारखीच हट्टी. इदालिनानं तिच्यासाठी चीजचं पास्तेल तळलं. फुंकर मारून गार केलं, हातात दिलं. पोरगी शहाण्यासारखी म्हणाली, "तुम्ही खाल्लंत का, आजी?"

"तू म्हण गं मला," इदालिना म्हणाली.

रोजानीनं आईकडे पाहिलं. मार्लुसी रस पीत होती, तिनं वर पाहिलं नाही. "बरं," रोजानी म्हणाली, आणि पास्तेलचा कोपरा चावला. संध्याकाळी बस सुटताना खिडकीतून तिनं मोठ्यानं हाक मारली, "येतो आम्ही आजी, तुम्ही काळजी घ्या!"

इदालिना बस वळेपर्यंत हात हलवत राहिली.